सोळा तासांचा हिशेब

आमच्या घरी दिवाळीत दोन गोष्टी हटकून होतात. एक म्हणजे चकलीचा पहिला घाणा बिघडतो आणि त्याचा दोष गिरणीवाल्याच्या माथी जातो. दुसरी म्हणजे बहीणभावांचे भांडण. कंदील कोणी लावायचा, पहिली आंघोळ कोणाची, असले जुने विषय आता दोघेही मोठी झाल्यामुळे मागे पडले. पण भांडण काही मागे पडले नाही. गेल्या दिवाळीत त्याला एक नवाच विषय मिळाला, आणि त्या विषयाने मला जे शिकवले ते वीस वर्षे मास्तरकी करूनही मला ठाऊक नव्हते.

चिरंजीव तेव्हा दहावीत होते. कन्या पुण्याला, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वसुबारसेच्या संध्याकाळी ती स्वारगेटहून एस. टी.ने वाईला आली आणि तिथून घरी पोचली. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात पाटावर टेकते न टेकते तोच चिरंजिवांनी आपली कैफियत सुरू केली. दिवाळीच्या सुट्टीतही क्लास आहेत. पहाटे साडेपाचला उठावे लागते. परीक्षा चार महिन्यांवर आली म्हणून क्रिकेटची बॅट आईने माळ्यावर टाकली आहे. आणि मग शेवटचे वाक्य आले :

"ताईला काय! कॉलेजात मजाच आहे."

एरवी अशा वाक्याला तिच्याकडून ताबडतोब उत्तर यायचे. त्या दिवशी आले नाही. तिने चकलीचा सोऱ्या उगाच हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. माझी आई चुलीपाशी बसली होती. तिला नातवंडांचे भांडण अर्ध्यावर राहिलेले चालत नाही. ती म्हणाली, "आरं, तुजा बा मास्तर हाय. त्यालाच इचारा की, कुनाचं वझं जड हाय त्ये."

आणि अशा रीतीने न्यायाधीशाची वस्त्रे माझ्या अंगावर चढली.

आता या न्यायाधीशाची लायकी वाचकांपुढे मांडणे मला भाग आहे. मी मॅट्रिक. म्हणजे १९९६ सालचा दहावी पास. परंतु आमच्या गावातली वृद्ध मंडळी अजून 'मॅट्रिक' असेच म्हणतात. खरे तर मुंबई इलाख्यात १९४९ सालीच मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. पण शब्दांचे आयुष्य परीक्षांपेक्षा मोठे असते. दहावीनंतर वडिलांच्या शेतीत एका माणसाचे पोट भागेल एवढेच उरले होते. माझा हात चित्रकलेत बरा होता, इंटरमिजिएटची परीक्षा मी दिलेली होती. त्या बळावर चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि शाळेत लागलो. कॉलेजची पायरी चढलो नाही. गंमत अशी, की मॅट्रिक्युलेशन या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव लागणे! मी आयुष्यभर मॅट्रिक म्हणवून घेतले, आणि पटावर नाव लागले ते फक्त हायस्कुलाच्या.

त्यात मी कादंबरीकारही. तीन कादंबऱ्या छापून झाल्या, आणि त्यांतल्या दोहोंचे नायक कॉलेजात जातात. ते कॉलेज मी कोठून आणले? गावच्या वाचनालयातल्या फडक्यांच्या कादंबऱ्यांमधून आणि वाईच्या टॉकीजमधल्या सिनेमांमधून. माझे नायक कॉलेजच्या जिन्यावर उभे राहतात, पावसात भिजतात, प्रेमात पडतात आणि मधल्या कुठल्याशा प्रकरणात पहिल्या वर्गात उत्तीर्णही होतात. नागपूरच्या एका वाचकाने मला पोस्टकार्ड पाठवले होते : "आपला नायक विज्ञान शाखेचा आहे असे पान १२ वर म्हटले आहे. सबंध पुस्तकात तो एकदाही प्रॅक्टिकलला गेलेला दिसला नाही." मी ते कार्ड हसून मित्रांना दाखवले होते.

असा हा न्यायाधीश. पण आईची आज्ञा झाली होती, तेव्हा कोर्ट भरवले.

पहिला पुरावा दप्तराचा. आमच्याकडे धान्य जोखायचा ताणकाटा आहे. तो ओसरीच्या तुळईला टांगला. चिरंजिवांचे दप्तर भरले सात किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे सरकारचे २०२० सालचे धोरण आहे. चिरंजीव स्वतः भरतात ४६ किलो. म्हणजे सरकारी हिशेबाने साडेचार किलोंच्या वर दप्तर न्यायला नको. कन्येची कापडी पिशवी टांगली : एक वही, पांढरा ॲप्रन, पाण्याची बाटली, आणि आईसाठी आणलेला गजरा. दीड किलो. चिरंजिवांनी टाळी वाजवली.

दुसरा पुरावा तासांचा. फराळाच्या यादीच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि पेन्सिलीने आकडे मांडले. आमच्या शाळेत आठवड्याच्या ४८ तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटांची. झाले २८ तास. संध्याकाळचा क्लास रोज दोन तास, सहा दिवस, १२ तास. पहाटेचा अभ्यास आणि रविवारचा, मिळून आणखी १२. एकूण ५२. मग कन्येचे वेळापत्रक मागितले. तिने ते फोनवर दाखवले. व्याख्याने १६ तास, प्रॅक्टिकल १२ तास. एकूण २८.

"बावन्न आणि अठ्ठावीस!" चिरंजीव ओरडले. "ताई जवळजवळ निम्म्यानं कमी!"

विषयांचे म्हणाल तर दहावीला सहा विषय, सहाशे गुण. ऐंशी लेखी, वीस तोंडी नि इतर, गणिताच्या नि विज्ञानाच्या दोन-दोन प्रश्नपत्रिका. शिवाय माझ्याच विषयाची किंमत : इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीत सात गुण वाढीव मिळतात. त्या सात गुणांसाठी चिरंजीव नववीचे सबंध वर्ष माझ्यासमोर ब्रश धरून बसले होते. हा सगळा पुरावा एकतर्फी होता. मी निकाल देऊन टाकला : दहावीचे ओझे जड. कन्या हसली, म्हणाली, "मान्य आहे, बाबा," आणि सोऱ्या घेऊन चकल्या पाडू लागली. कोर्ट उठले.

रात्री जेवणे झाल्यावर मी ओसरीवर कंदिलाची वायर जोडत बसलो होतो. आत सगळे झोपले होते. कन्या येऊन पायरीवर बसली. तिच्या हातात तो यादीचा कागद होता.

"बाबा, तुमचा हिशेब चुकलाय," ती म्हणाली.

मी म्हटले, "निकाल लागल्यावर अपील?"

"अपील नाही. नुसतं दाखवते." तिने माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. "आम्हाला एका सत्राला बावीस क्रेडिटं असतात. एका क्रेडिटला तीस तासांचं शिकणं धरतात. वर्गातलं, प्रयोगशाळेतलं आणि आपलं आपण केलेलं, सगळं मिळून. बावीस त्रिक सहासष्ट, म्हणजे सहाशे साठ तास. सत्र पंधरा आठवड्यांचं. आठवड्याला किती झाले?"

"चव्वेचाळीस."

"त्यातले अठ्ठावीस वेळापत्रकात आहेत. राहिले किती?"

"सोळा."

"हे सोळा तास," ती म्हणाली, "मला पहिल्या सहा महिन्यांत सापडलेच नाहीत."

मला वाटले ती गंमत करते आहे. पण तिचा आवाज गमतीचा नव्हता. मग कंदिलाच्या त्या अर्धवट उजेडात तिने मला जे सांगितले ते मी दीड वर्ष तिचा बाप असून ऐकले नव्हते.

आमच्या तालुक्यात अकरावी-बारावीचे वर्ग हायस्कुलालाच जोडलेले. नाव ज्युनिअर कॉलेजचे. पण घंटा तीच, हजेरी तीच, आणि सर विज्ञान इंग्रजीत वाचून मराठीत समजावून देणारे. तेव्हा कॉलेज म्हणजे काय ते तिला कळले ते पुण्यातच. तिथे प्राध्यापक येत, पाऊण तास इंग्रजीत सरळ बोलत आणि निघून जात. कोणी गृहपाठ देत नसे. कोणी वही तपासत नसे. दुपारी तीनला प्रॅक्टिकल संपले की पुढे काहीच नाही. पहिले दोन महिने तिला फार बरे वाटले. ती मैत्रिणींबरोबर पुणे पाहत हिंडली, खोलीवर येऊन झोपली, आम्हाला फोन करून "मजेत आहे" म्हणाली. आम्हीही म्हणालो, "असू दे, दहावी-बारावीला खूप केलंस." जर्नले साठत गेली. एके दिवशी परीक्षेचे वेळापत्रक लागले, आणि तिने पुस्तक उघडले तर पहिल्या धड्यापासूनच काही समजेना.

पहिल्या सत्रात ती दोन विषयांत नापास झाली.

दहावीला ९१ टक्के मिळवलेली, निरोप समारंभात शाळेने जिचा नारळ देऊन सत्कार केला ती माझी मुलगी नापास झाली, आणि मला ते कळले दुसऱ्या वर्षाच्या वसुबारसेला. मध्यंतरी तिने ते दोन्ही विषय सोडवलेही होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फेब्रुवारीत निकाल लागला तेव्हा बॅग भरून स्वारगेटला आले होते. वाईच्या गाडीत बसलेसुद्धा. घरीच राहायचं, परत जायचं नाही, असं ठरवलं होतं. कंडक्टर तिकिटाला आला आणि मी उतरले."

"का उतरलीस?"

"घरी येऊन काय सांगायचं, तेच ठरेना. तुम्हीच म्हणत होता ना, दहावीपुरते कष्ट करा, पुढं मजाच आहे. मला वाटलं, सगळ्यांना जे सोपं जातं ते एकट्या मलाच जमत नाही."

वाचकहो, माझ्या हातातली वायर तशीच राहिली. हे वाक्य माझे होते. ते मी घरी तर म्हणतच आलो होतो, पण शाळेतही दर फेब्रुवारीत दहावीच्या निरोप समारंभात म्हणत होतो. चित्रकलेच्या शिक्षकाला भाषणाची संधी वर्षातून एकदाच मिळते. त्या भाषणासाठी माझी एक ठरलेली उपमा होती : "मुलांनो, दहावी म्हणजे आपला खंबाटकीचा घाट. तो एकदा ओलांडलात, की पुढे पुण्यापर्यंत सपाटच सपाट!" मुले टाळ्या वाजवत. पालक माना डोलावत. मुख्याध्यापक म्हणत, "छान बोललात."

"बाबा," कन्या म्हणाली, आणि आता ती जराशी हसली, "खंबाटकीनंतर कात्रज असतो."

या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो आहे. कात्रज मला ठाऊक नव्हता असे कसे म्हणू? पण भाषणात तो कधी आला नाही. का आला नाही, याचा विचार मी त्या रात्री अंथरुणावर पडून केला. मुलांना धीर यावा म्हणून मी ते बोलत होतो हे खरे. पण तेवढेच खरे नव्हते. जे आपल्याला मिळाले नाही ते सोपे आणि सुंदर असणारच, असे माणूस धरून चालतो. पदविकेनंतर थेट नोकरीला लागलेला मी, तालुक्याच्या रस्त्यावर कॉलेजची मुले दिसली की मनात म्हणत असे, काय यांचे सुख! त्या सुखाला मी माझ्या कादंबऱ्यांत जिने दिले, पाऊस दिला. आणि माझ्या विद्यार्थ्यांपुढे त्याची जाहिरात केली. नागपूरच्या त्या गृहस्थांनी मला वेळेवर सावध केले होते. मी त्यांचे कार्ड हसण्यावारी नेले.

मग तिने ते सोळा तास शोधले कसे? हेही तिने त्या रात्री सांगितले. स्वारगेटवरून खोलीवर परतल्यावर तिने मोठा कागद घेऊन आपल्या शाळेचे वेळापत्रक आठवून आखले. आठ तासिका, मधली सुट्टी, सगळे. कॉलेजचे तास जिथे होते तिथे ते लिहिले, आणि राहिलेल्या रिकाम्या चौकटींत स्वतःच विषय घातले. घंटेच्या ऐवजी फोनचा गजर. "आणि शुक्रवारचे शेवटचे दोन तास चित्रकला ठेवली," ती म्हणाली, "आपल्या शाळेत असायची तशी." पहिल्या आठवड्यात त्या चौकटींतल्या चार पाळल्या गेल्या, दुसऱ्यात सहा. सोळा अजूनही दर आठवड्याला होतातच असे नाही, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या जुन्या निकालाचा पुन्हा विचार करू लागलो. चिरंजिवांचे बावन्न तास खोटे नव्हते. चव्वेचाळिसांपेक्षा बावन्न जास्त, हेही खरे. परंतु त्या बावन्नांपैकी किती तास तो एकटा उचलत होता? अठ्ठावीस तास शाळेची घंटा उचलते. बारा तास क्लासचे सर उचलतात. पहाटेचे तास त्याची आई उचलते; साडेपाचला दुधाचा पेला घेऊन तीच उभी असते. कोणता धडा आज, कोणता उद्या, हे ठरवायचे काम त्याच्याकडे कधी आलेच नाही. कन्येच्या त्या सोळा तासांना मात्र ना घंटा, ना सर, ना आई. ओझे वजनाने थोडे. पण कोठून धरून उचलायचे तेच समजत नाही, असे ते ओझे.

माझ्या स्वतःच्या विषयात ही गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, आणि तरी ओळखली नव्हती. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राला विषय दिलेले असतात. बाजार, बसस्थानक, सणाची तयारी, असे काहीतरी. मुले झपाझप काढतात. पण एखाद्या दिवशी मी वर्गात म्हटले, "आज तुम्हाला हवे ते काढा," की सगळा वर्ग कोऱ्या कागदाकडे पाहत बसतो. पाच मिनिटांनी पहिला हात वर येतो : "सर, काय काढू?" आणि मी, वर्ग शांत राहावा म्हणून, लगेच सांगून टाकतो : "डोंगर, नदी आणि घर काढ." महाराष्ट्रात डोंगर, नदी आणि घर यांची जी लाखो चित्रे आहेत त्यांतली काही हजार तरी माझ्या पदरी पडतील.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी नववीच्या वर्गात महिन्यातली एक दुहेरी तासिका विषयाविना ठेवली, आणि "काय काढू?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे स्वतःला बजावले. पहिल्या महिन्यात निम्मे कागद कोरे आले. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकाने, "सर, तास फुकट घालवताय," असे तोंडावर सांगितले. तिसऱ्या महिन्यात एका मुलाने आपल्या गोठ्यातल्या म्हशीचा नुसता कान काढला. सबंध कागदभर एकच कान, त्यावर बसलेल्या माशीसकट. चित्र म्हणून ते चांगले की वाईट, हा प्रश्न निराळा. पण ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

फेब्रुवारीत निरोप समारंभ आला. मी बोलायला उभा राहिलो. खंबाटकी सांगितला आणि पुढे कात्रजही सांगितला. कोरे कागद आणि मोकळे तास यांच्याविषयी बोललो, आणि कॉलेजात कोणाला एखादा विषय राहिला तर बॅग भरून सरळ घरी या, गाडीतून उतरू नका, एवढे सांगून खाली बसलो. टाळ्या थोड्या पडल्या. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. पहिल्या रांगेत दहावीच्या मुलांत चिरंजीव बसले होते. ते माझ्याकडे न पाहता पायातल्या बुटांकडे पाहत होते.

पण त्या दिवाळीतलीच एक गोष्ट सांगायची राहिली. भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर चिरंजिवांनी ताटात शंभराची नोट टाकली आणि ताईच्या कानाशी काहीतरी विचारले. काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही. कन्या दुपारच्या गाडीने गेली. तिची पिशवी वाईपर्यंत त्यानेच नेली. रात्री जेवताना तो आईला म्हणाला, "उद्यापासून मला उठवू नकोस. मी माझा उठेन."

दुसऱ्या दिवशी तो उठला साडेसातला. साडेपाचपासून दुधाचा पेला ओट्यावर निवत होता, आणि त्याची आई तीन वेळा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे किती अवघड होते हे मी जाणतो. तिसऱ्या दिवशी तो सातला उठला. आठवडाभराने सहा.

दहावीला त्याला गुण किती पडले ते मात्र विचारू नका. शेजाऱ्यांनी विचारून झाले आहे. आता तो अकरावीत आहे. कोणाचे ओझे जड, या खटल्याचा निकाल मी मागे घेतला आहे आणि नवा दिलेला नाही. आई अधूनमधून विचारते, "काय ठरलं रं मास्तर?" मी सांगतो, कोर्टाने निकाल राखून ठेवला आहे. यंदा वसुबारसेला कन्या आली, की ताणकाटा काढायचा नाही, एवढे मात्र ठरवले आहे.